हामानोसाननी परत केलेले तीनशे येन

नाकाजिमा बेट
१२ नोव्हेंबर २०१७

इसाओ,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे एका तांदळाच्या दुकानाची जाहिरात मिळाली आणि तिच्या पाठच्या कोऱ्या बाजूला तू होतास. पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची दोन वाक्यं लिहायची आपली रीत, तीही तू गाळलीस. शाई वाचवलीस का रे?

गेल्या महिन्यात चार दिवस तुमच्याकडे राहिले तेव्हा तोंड मिटून होते. पाहुणीनं बोलू नये म्हणून. आता घरी आले आहे, तेव्हा बोलते.

ज्या माणसाच्या कारखान्यातून महिन्याला चाळीस हजार मोज्यांचे जोड बाहेर पडायचे, त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर पडलेला मी पाहिला. त्याला तू स्वतः चार रंगांच्या दोऱ्यांनी रफू केलं होतंस. ते एक वेळ सोड. पण त्या बाजारात तू द्राक्षांचा घड उचललास, ठेवलास, दुकानाला फेरी मारून आलास, पुन्हा उचललास, आणि शेवटी मला म्हणालास, "नको, बिया असतील." वर पाटीवर केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बिनबियांची!

दिवाळं निघालं ते निघालं. न्यायालयानं तुला मोकळं केलं त्यालाही तीन वर्षं झाली. तोमोए शाळेच्या स्वयंपाकघरात कमावते, तू स्टेशनच्या सायकलतळावर कमावतोस, महिन्याच्या शेवटी चार पैसे उरतात, हे तोमोएनंच मला सांगितलं. नसताना माणूस खर्च करत नाही, ते समजतं. असताना घाम फुटतो, हा आजार आहे. आणि मोठी बहीण म्हणून औषध मी देणार.

दर आठवड्याला गरज नसलेली एक वस्तू विकत घ्यायची आणि मला कळवायचं. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तू तर मोबाइलच परत करून टाकलास, म्हणून सोबत टपालाची पाच तिकिटं पाठवते. कागद मात्र तुझा तू घे. कोरा. दोन्ही बाजूंनी.

मित्सुए

*

यामातो-ताकादा
२० नोव्हेंबर

ताई,

हा कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे, बघून घे. तोमोएच्या शाळेत उरलेला होता.

इकडे थंडी पडू लागली आहे, सकाळी सायकलींच्या सीटवर दव असतं, तुझ्या संत्र्यांची तोडणी जोरात असेल. झाली रीत?

आता मुद्द्याचं. मला कसलीही भीती नाही. मी काटकसरी आहे. काटकसर हा गुण आहे, आणि तो थोडा आधी आला असता तर ती जर्मन यंत्रं मी कर्जानं घेतली नसती आणि आज तुला ही पत्रं लिहावी लागली नसती.

तरीही तुझा मान ठेवून एक वस्तू घेतली. शिट्टी. एकशेआठ येन. पिवळी आहे. मला तिची काडीचीही गरज नाही. तेव्हा हा आठवडा भरला.

सेंदाईला लेकीकडे, चिहारुकडे जायचं तू निघताना विचारत होतीस. जाणार आहे. पण माझी कंबर इतक्या लांबच्या गाडीत बसण्यासारखी राहिलेली नाही. नातीचे, उताचे फोटो तोमोएच्या फोनवर येतात, ते मी बघतो. अगदी माझ्यावर गेली आहे, कपाळ तेवढंच मोठं.

इसाओ

*

नाकाजिमा
२९ नोव्हेंबर

इसाओ,

सायकलतळावरच्या माणसाला शिट्टीची गरज नसते, हे मला बेटावर बसून पटेल असं तुला वाटलं? तोमोएनं कळवलं की तू ती दिवसभर वाजवतोस आणि शाळकरी मुली तुला 'कोंबडा आजोबा' म्हणतात. शिट्टी रद्द.

कंबरही रद्द. ऑक्टोबरात माझी बॅग उचलून स्टेशनपासून चाळीस मिनिटं चालत नेलीस ती कुणाच्या कमरेवर? बसला प्रत्येकी एकशेनव्वद येन पडतात म्हणून तू तेव्हा म्हणालास, "हवा छान आहे." पाऊस पडत होता.

पोरीला मुलगी होऊन सात महिने झाले आणि आजोबानं तिला हातात घेतलेलं नाही. याबद्दल मी नंतर बोलेन, आत्ता बोलले तर कागद फाटेल.

या आठवड्याचं काम सांगते. कॉफीच्या दुकानात जायचं. यंत्रातून डबा काढून उभ्या उभ्या प्यायची नाही. खुर्चीवर बसायचं, कपबशीत कॉफी, सोबत केक. केक संपेपर्यंत उठायचं नाही.

मित्सुए

ता. क. संत्र्यांची पेटी वेगळी पाठवली आहे. विकू नकोस.

*

यामातो-ताकादा
९ डिसेंबर

ताई,

गेलो होतो. सगळं खरं लिहितो, कारण तुझी हेर माझ्याच घरात जेवते.

स्टेशनमागच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथे दुपारी कुणी नसतं म्हणून ते निवडलं. दारावरची घंटा वाजली तेव्हाच परत फिरणार होतो, पण मालकीणबाई "या, या" म्हणाली आणि माझ्या तोंडून "कॉफी आणि केक" निघून गेलं. कोणता केक, तिनं विचारलं. मी म्हटलं, "लहान." ती म्हणाली, "सगळे सारखेच आहेत हो." साडेआठशे येन, ताई! तेवढ्यात आम्ही दोघं दोन दिवस जेवतो.

बसलो. हाताला घाम आला, कपाचा कान निसटायला लागला. मालकीणबाईनं हीटर कमी करू का विचारलं. मग तिनं तो बंदच केला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं कोट चढवला.

केकचा दुसरा घास घेतला आणि काचेबाहेर हामानोसानची बायको दिसली. तुला आठवत असतील ते हामानो, आमचं सूत रंगवून द्यायचे. अठ्ठावीस वर्षं. दिवाळं निघालं तेव्हा त्यांचे एकवीस लाख माझ्याकडे होते आणि त्यांना हातात मिळाले साठ हजार. मी मेन्यूकार्ड तोंडासमोर धरलं. ती गेली. मी ते अर्धा तास धरून ठेवलं. मालकीणबाईला वाटलं मला आणखी काही हवं आहे.

आता खरं सांगतो. पैसे संपतील ही भीती नाही, ताई. पैसे आहेत, मला माहीत आहे. पण मी खिशात हात घातला की मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. "केक खातोय बघा. आमचे पैसे बुडवून केक खातोय." माणसं बोलत नाहीत, भली आहेत. म्हणून तर जास्त ऐकू येतं. मी मनात नावं म्हणतो. हामानो, लेबलं छापणारा नीगाकी, खोक्यांचे दोघे भाऊ, ज्यांना शेवटचा पगार अर्धाच मिळाला त्या शिवणाच्या बायका. एकूण अकरा नावं होतात. अकरावं नाव लिहीत नाही.

केक संपवला. छान होता. ते फार वाईट वाटलं.

इसाओ

*

नाकाजिमा
१८ डिसेंबर

इसाओ,

अकरावं नाव माझं आहे. एवढं कळायला मला शाळेत जावं लागलं नाही.

तुझ्या भावजींचे विम्याचे पैसे मी तुला दिले होते आणि ते यंत्रांबरोबर गेले. त्यावर तू कधी बोलला नाहीस, मीही बोलले नाही. आपण दोघंही फार सभ्य. आता ऐक. हो, मला राग आला होता. आठ महिने होता. तुझं नाव घेऊन मी संत्र्यांच्या झाडांची छाटणी केली, आणि त्या वर्षासारखी छाटणी या बेटावर कुणी केली नाही, सहकारी संस्थेचा माणूस फोटो काढून घेऊन गेला. मग राग संपला. मी तो संपल्याचं तुला कळवायला हवं होतं, ती माझी चूक.

पण तू काय करतो आहेस बघ. मी रागावून मोकळी झाले, आणि तू माझा राग अजून जपून ठेवला आहेस. खर्च करत नाहीस तो करत नाहीस, दुसऱ्याची वस्तूही परत करत नाहीस.

आणि आता ते, ज्यानं कागद फाटला असता. चिहारुनं मला सप्टेंबरात पत्र लिहिलं होतं. तुला सांगू नको म्हणाली होती, म्हणून तुमच्याकडे राहून तोंड मिटून होते. आता सांगते. तिला वाटतं, कारखाना बुडाला त्याच वर्षी तिनं थांबायचं सोडून लग्न केलं, म्हणून तू तिच्यावर रागावला आहेस. कोहेइ तुला पसंत नाही असं तिला वाटतं. "बाबा फोनवर कंबरेचं सांगतात, पण आईच्या आवाजावरून कळतं की कंबर ठीक आहे." हे तिचं वाक्य जसंच्या तसं. बाळ झालं तेव्हा तू आला नाहीस, शंभराव्या दिवसाच्या समारंभाला आला नाहीस. पोरीनं दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर चुकीचं आलं, पण बेरीज करायला आकडे तूच दिलेस.

एकवीस एप्रिलला उताचा पहिला वाढदिवस. रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर मोची, कुटलेल्या भाताचा तो गोळा, बांधतील त्या दिवशी तू तिथे असायचंस. हा आठवड्याचा हुकूम नाही. हा शेवटचा.

मित्सुए

*

यामातो-ताकादा
२८ जानेवारी २०१८

वन्संना, तोमोएकडून.

थंडी फार आहे, तब्येत जपा. यांचं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही मला विचारलंत. तुमचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. मग छतावर जाऊन बसले. आमची इमारत पाच मजली, छतावर वारा असतो, म्हणून मी घोंगडी घेऊन गेले तर म्हणाले, "चिहारु मला रागीट समजते. मला! मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला आहे का?" मी म्हटलं, "नाही चढवला. म्हणून तर तिला कळेना."

नववर्षाच्या सुट्टीनंतर त्यांनी पोस्टातून नव्वद हजार येन काढले. दोघांचं जाऊन येऊन तिकीट तेवढंच होतं. मी मनात म्हटलं, सुटले. कसली सुटते! त्या दिवसापासून ते चार वेळा तिकीटखिडकीपर्यंत जाऊन आले आहेत. एकदा रांगेत त्यांचा नंबर लागला तर खिडकीतल्या माणसाला विचारलं, "आज गाड्या वेळेवर आहेत ना?" आणि परत आले. चौथ्या वेळी त्या माणसानं त्यांना बघून आपण होऊन सांगितलं, "वेळेवर आहेत, किताउरासान."

मला हसू येतं आणि मग येत नाही. तीन वर्षं मी यांच्याबरोबर सगळं केलं. घर सोडलं, तक्रार केली नाही. पण नातीचा वाढदिवस मी सोडणार नाही. काल मी सांगितलं, "मार्चच्या मध्यापर्यंत दोन तिकिटं आली नाहीत तर मी एक घेईन. आणि जाईन ती चार दिवसांसाठी नाही. चिहारु कामावर परत जाते आहे, तिला हवीच आहे मी." त्यांनी उठून भांडी घासली. स्वच्छ होती ती.

तुम्ही काहीतरी लिहा. हुकूम नको. हुकूम ते पाळतात, पण तेवढाच.

तोमोए

*

नाकाजिमा
५ फेब्रुवारी

इसाओ,

या वेळी हुकूम नाही. कबुली आहे.

माझ्या कानांसाठी डॉक्टरांनी यंत्र सांगितलं त्याला दोन वर्षं झाली. मात्सुयामाच्या दुकानात मापही देऊन आले होते. घेतलं नाही. विचारणाऱ्यांना सांगते, ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय? पैसे नाहीत असं नाही. या वर्षी संत्र्यांना भाव चांगला आला. पण दर वेळी वाटायचं, राहू दे, इसाओला पुन्हा लागले तर?

लिहिताना लाज वाटते. मी तुला तीन महिने औषध पाजते आहे आणि त्याच बाटलीतलं मला स्वतःला हवं होतं. तुला वाटतं लोक तुझ्याकडे बघतायत. मला वाटतं तू पुन्हा बुडणार. म्हणजे बघ, तुझ्यावर सगळ्यात कमी भरवसा कुणाचा होता? तुझ्या डॉक्टरीणबाईचा.

तर मी एकवीस तारखेच्या बोटीनं मात्सुयामाला जाते आहे. यंत्र घेणार. तुला पुन्हा लागलेच तर मी 'नाहीत' म्हणेन, आणि तुझं उत्तर मला स्वच्छ ऐकू येईल.

तू काय करायचंस ते तुझं तू ठरव.

मित्सुए

*

यामातो-ताकादा
५ मार्च

ताई,

बस. निवांत वाच. हे पत्र पाच पानांचं होणार आहे, आणि कागद मी विकत आणला आहे.

परवा मुलींचा सण होता. आमच्याकडे आता मुलगी नाही, पण तोमोए माझ्याशी आठवडाभर फक्त "मीठ द्या" आणि "दिवा घालवा" एवढंच बोलत होती, म्हणून आदल्या दिवशी तिच्यासाठी साकुरा-मोची, ती पानात गुंडाळलेली गुलाबी मिठाई, आणावी असं मनात आलं. बाजारातल्या जुन्या मिठाईच्या दुकानात गेलो. परागकणांचा मोसम, जो तो मास्क लावून फिरतो, त्यामुळे धीर आला. मास्क, टोपी, वर मफलर. मोजून सातशे येन घेतले होते. चार नग येतात.

पंधरा माणसांची रांग. माझ्यापुढे एक म्हातारा, त्याची दहाची पेटी बांधून तयार, आणि तो गल्ल्यावर नाणी मोजतोय. मोजली, पुन्हा मोजली. मुलगी म्हणाली, "आजोबा, तीनशे कमी आहेत." त्यानं खिसे चाचपले. आणि मग मागे वळला.

हामानोसान.

ताई, पळायला जागा नव्हती. मागे बारा माणसं. मी मफलर वर ओढला. ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "किताउरा, तीनशे येन आहेत का तुझ्याकडे?"

मी हात पुढे केला, तीन नाणी ठेवली. ते "हं" म्हणाले, पेटी उचलली आणि गेले. मला उरलेल्या चारशेत दोन मोची मिळाल्या. घरी कसा आलो ते आठवत नाही. तोमोए म्हणाली, "दोनच?" मी म्हटलं, "हामानोसान." तिला वाटलं त्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारावरची घंटा वाजली. दारात हामानोसान. कोट, टाय, केस पाणी लावून बसवलेले. हातात पांढरं पाकीट. त्यावर माझं नाव त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. आत तीन नाणी.

मी गुडघ्यांवर बसलो, कपाळ जमिनीला लावलं. म्हटलं, "हामानोसान, मी तुमचे एकवीस लाख..."

"ते न्यायालयानं मिटवलं," ते म्हणाले. "हे तीनशे न्यायालयात गेलेले नाहीत. हे माझ्यावर आहेत. घे."

"मी कसे घेऊ?"

"हातानं घे. उठ आधी. जमीन गार आहे, माझंच अंग शहारतंय."

तोमोएनं त्यांना आत बोलावलं, चहा केला. घरात दुसरं काही नव्हतं, तिनं त्या दोनमधली एक मोची त्यांच्यासमोर ठेवली. ते बसले आणि म्हणाले, "तीन वर्षं तू मला चुकवतोयस. गेल्या उन्हाळ्यात भाजीबाजारात मला पाहून तू कोबीच्या ढिगामागे खाली बसलास. आठवतंय? मी पंधरा मिनिटं उभा होतो. म्हटलं बघू, किती वेळ बसतो."

"वीस," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर आणखी पाच बसलो."

तोमोए स्वयंपाकघरात पळाली. तिचे खांदे हलत होते.

"राग होता," हामानोसान म्हणाले. "खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे. त्या वर्षी मला दोन माणसांना घरी बसवावं लागलं, सूत रंगवायचं नवं भांडं घ्यायचं राहिलं. पण तू कोबीमागे बसून तो राग कमी होत नाही रे. मला फक्त कोबी घेता येत नाही. अठ्ठावीस वर्षं महिन्याच्या पंचवीस तारखेला तू स्वतः पाकीट घेऊन यायचास. पाऊस असो, ताप असो. एकदाच आला नाहीस. मी त्या दिवशी चहा करून बसलो होतो. पैसे नाहीत म्हणून सांगायला तरी येशील असं वाटलं होतं."

तीन वर्षं मी एकवीस लाखांची माफी मनात घोटत होतो, आणि त्यांना बोचत होती ती गोष्ट मला ठाऊकच नव्हती. शेवटी म्हणालो, "यायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. आणि मोची खाल्ली. पानासकट.

मग बोलता बोलता त्यांनी विचारलं, "चिहारुला मुलगी झाली ना? कशी आहे?" तोमोए आतून म्हणाली, "यांनी अजून पाहिली नाही." हामानोसान चावायचे थांबले.

"का?"

मी त्या पांढऱ्या पाकिटाकडे बघितलं.

"माझ्यामुळे?"

मी मान खाली घातली. ते इतके लाल झाले की मला वाटलं घशात अडकलं. "हे बघ, किताउरा, माझ्या नावावर पैसे लिही, ते बुडाले तर बुडाले. असली गोष्ट माझ्या नावावर लिहायची नाही! म्हातारपणी मला हे ओझं? चल, उठ. कोट घाल."

ते मला स्टेशनवर घेऊन गेले. माझ्या बाजूला उभे राहिले, हवालदारासारखे. खिडकीतला माणूस मला बघून म्हणाला, "वेळेवर आहेत." मी म्हणालो, "सेंदाई, दोन, जायची आणि यायची." त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिला. हाताला घाम आला, आला तो आलाच. नोटा चिकटल्या, त्यानं त्या एकेक सोडवून मोजल्या. हामानोसान मागून म्हणाले, "खिडकीजवळच्या जागा दे त्यांना. म्हातारा-म्हातारी आहेत." ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे आहेत.

तिकिटं तोमोएच्या हातात दिली. तिनं तारीख वाचली, मग परतीची तारीख वाचली, आणि मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?" आठवडाभरानंतर मिठाखेरीज पहिला शब्द.

तुझ्या कानांचं काय झालं?

इसाओ

*

नाकाजिमा
१५ मार्च

इसाओ,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, नुसतं ऐकायचं म्हणून. माझा आवाज एवढा कर्कश आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फ्रिज गुरगुरतो. जिना करकरतो. आणि शेजारची ओचिआईबाई गेली दोन वर्षं कुंपणापलीकडून माझ्याबद्दल काय बोलत होती ते पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी उत्तर दिलं. आता आमची छान मैत्री आहे.

हामानोसानना संत्र्यांची एक पेटी पाठवली आहे. कुणाकडून ते लिहिलेलं नाही. तू सांगू नकोस, ते परतफेडीला बेटावर यायचे.

चिहारुला मी काही कळवलेलं नाही. तुझं तू सांग. कंबरेपासून सुरू कर.

मित्सुए

*

यामातो-ताकादा
२६ एप्रिल

ताई,

काल परत आलो. तुमच्याकडे संत्र्यांच्या फुलांचा वास सुटायला लागला असेल. सेंदाईत साकुराचा बहर आमच्या डोळ्यांदेखत संपला, शेवटच्या पाकळ्या कोहेइच्या गाडीच्या काचेवर चिकटल्या होत्या.

दार चिहारुनं उघडलं. माझ्याकडे बघून वाकली, पाहुण्यापुढे वाकतात तशी. ते बघून गाडीत पाठ केलेलं सगळं विसरलो. बूट काढायच्या आधी, तिथेच उभ्या उभ्या म्हणालो, "माझी कंबर ठीक आहे."

"माहीत आहे, बाबा."

"मी तुझ्यावर रागावलेलो नाही. कधीच नव्हतो. कोहेइ चांगला मुलगा आहे. मला तिकीट काढायची भीती वाटत होती."

ती बघतच राहिली. "तिकीट?"

"तिकीट. केक. द्राक्षं. सगळ्याची."

"एवढंच?" ती म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. "एवढंच होतं तर मला सांगायचं ना! मी वर्षभर कोहेइला सांगतेय की तुला बाबांपुढे नीट बोलता आलं नसेल, आणि तो बिचारा आरशासमोर सराव करतोय." मागे कोहेइ उभा होता, उताला कडेवर घेऊन. त्यानं खरोखरच काहीतरी तयार केलेलं भाषण सुरू केलं. उतानं त्याच्या तोंडात हात घातला, आणि भाषण तिथेच संपलं.

तिला माझ्या हातात दिलं. वजनदार आहे, ताई. फोटोत वजन दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन किलोची मोची फडक्यात बांधून तिच्या पाठीवर दिली. आयुष्यभर अन्न कमी पडू नये म्हणून बांधतात म्हणे, पण त्या ओझ्यानं ती सरळ तोंडावर पडली. सगळे "शाब्बास!" म्हणून ओरडले, ती संतापली, आणि रांगत रांगत, पाठीवर मोची घेऊन, सगळ्यांना सोडून माझ्या मांडीवर येऊन बसली. कपाळ सारखं आहे म्हणून असेल. मला हलता येईना. मीच नंतर सरकलो नाही हेही खरं.

परत येताना स्टेशनवर गाडीला दहा मिनिटं होती. तोमोए जागेवर बसली, मी जेवणाचे डबे घ्यायला गेलो. तिथे एक डबा मिळतो, दोरी ओढली की आपोआप गरम होतो. आम्ही दोऱ्या ओढल्या, दोन्ही डब्यांतून इतकी वाफ निघाली की पलीकडचा माणूस मासिक घेऊन वारा घालायला लागला. गाईची जीभ, खाली सातूचा भात. तोमोए म्हणाली, "हे मऊ आहे." मी माझ्यातले दोन तुकडे तिला दिले. तिनं लोणचं मला दिलं. बाहेर शेतांत पाणी सोडलेलं होतं, डोंगर त्यात उलटे दिसत होते, आणि आम्ही उताच्या पडण्याबद्दल बोलत होतो. फुकुशिमा मागे गेलं. डबे रिकामे झाले.

मग तोमोएनं झाकण लावता लावता सहज विचारलं, "केवढ्याला पडले हो हे?"

मी तोंड उघडलं. आठवेना. खिसा चाचपला, पावती नव्हती, घेतलीच नव्हती. किंमत लिहिलेली पाटी कुठे होती तेही डोळ्यांपुढे येईना. मी फक्त त्या बाईला म्हणालो होतो, "दोन द्या, गरमवाले," आणि गाडी सुटेल म्हणून धावत आलो होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तोमोएनं माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे तोंड करून बसली, आणि उत्सुनोमिया येईपर्यंत तशीच बसून होती. एकदा रुमाल काढला.

इसाओ